उत्तर देणाऱ्यांचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी वसईतल्या एका महाविद्यालयात प्राचीन मराठी वाङ्मयातील ख्रिस्ती परंपरेवर परिसंवाद झाला. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही, कारण जे घडले त्यात त्या महाविद्यालयाचे खास असे काहीच नव्हते. निबंधवाचन आटोपले, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहत 'आता प्रश्नोत्तरे' असे जाहीर केले आणि मागच्या रांगेतून एम.ए.च्या वर्गातली एक मुलगी उठली. तिने वहीत लिहून आणलेला प्रश्न वाचला. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापले गेले ते रोमन लिपीत. आपण अभ्यासतो ते देवनागरीत. मग त्या ओव्यांच्या भाषेविषयी लिहिताना न आणि ण, ल आणि ळ, ऱ्हस्व आणि दीर्घ यांचे जे दाखले आपण देतो, ते स्टीफन्सचे मानायचे, की देवनागरी पाठ सिद्ध करणाऱ्याचे?

प्रश्न नेमका होता. त्याचे उत्तर देण्याजोगी माणसे सभागृहात होती, निदान उत्तर कुठे शोधावे हे सांगण्याजोगी तरी नक्कीच होती. पहिल्या वक्त्यांनी 'फार सुंदर प्रश्न' असे म्हणून स्टीफन्सच्या मराठीप्रेमावर दहा मिनिटे भाषण केले. दुसऱ्यांनी १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमदानीतील धर्मांतरांचा विषय काढला. त्यांना तिसऱ्यांनी उत्तर दिले, आणि त्या दोघांत जे जुंपले त्यात मुलगी कुठल्या कुठे राहिली. चौथ्यांनी स्वतःच्या पुस्तकातील एका प्रकरणाचा उल्लेख केला. त्या प्रकरणात हा प्रश्न नाही, हे मला ठाऊक आहे, कारण मी ते वाचले आहे. पाचव्यांनी 'मुली, अशा बारीकसारीक गोष्टींत अडकू नये, आशय पाहावा' असा वडिलकीचा सल्ला दिला. मग वेळेअभावी चर्चा थांबवण्यात आली आणि चहा झाला. तिच्या प्रश्नात 'ण' हे अक्षर होते. पाच उत्तरांत मिळून त्याचा एकदाही उल्लेख झाला नाही.

सहावा माणूस मी होतो. मी बोललो नाही. माझ्या गप्प बसण्याचा हिशेब पुढे येईल.

आपल्याकडे प्रश्न विचारण्याचे कौतुक फार आहे. विद्यार्थी प्रश्न विचारत नाहीत ही तर शिक्षकांच्या खोलीतली नित्याची तक्रार. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे काय होते, याची चौकशी कोणी करत नाही. माझे म्हणणे असे की मराठी वाङ्मयीन जगात प्रश्नांचा तुटवडा नाही, तुटवडा उत्तरांचा आहे. आणि तो ज्ञानाच्या अभावी नाही. उत्तर देणे म्हणजे काय याची समजूतच आपण गमावून बसलो आहोत. उत्तर म्हणजे विचारणाऱ्याच्या हातात काही ठेवणे. आपल्या लेखी मात्र उत्तर म्हणजे बोलण्याची पाळी. पाळी आली की माणूस उभा राहतो आणि जे बोलायचेच होते ते बोलतो. समोरचा प्रश्न हे केवळ निमित्त.

ही विकृती आजची नाही, हे न्यायसूत्रे उघडली की ध्यानात येते. गौतमाने कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार केले. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचा मोडण्यासाठी चालते ती वितंडा. गंमत पाहा, आजच्या मराठीत 'वाद' या शब्दाला भांडणाचा वास लागला आहे आणि 'जल्प' कोशात जाऊन पडला आहे. जी गोष्ट सर्वत्र चालू आहे तिचे नाव आपण विसरलो, आणि जी कुठेच चालत नाही तिचे नाव भांडणाला देऊन टाकले.

त्याच सूत्रांच्या शेवटच्या अध्यायात बावीस निग्रहस्थाने येतात. चर्चेत माणूस हरला असे कधी समजावे, याची ती यादी. संस्कृतच्या विद्यार्थ्यांना ती पाठ करावी लागते म्हणून ती रुक्ष वाटते. पण एखाद्या परिसंवादात ती मांडीवर घेऊन बसावे, वेळ छान जातो. 'अर्थान्तर' म्हणजे प्रस्तुत सोडून भलतेच बोलणे. वर सांगितलेले पहिले उत्तर. 'पुनरुक्त' कोणाला समजावून सांगायला नको. 'विक्षेप' म्हणजे 'मला दुसरे काम आहे' असे सांगून चर्चा तोडणे. आमच्याकडे त्याचे शास्त्रोक्त रूप 'मला विरार लोकल गाठायची आहे' असे आहे. 'मतानुज्ञा' तर आजच्या सार्वजनिक जीवनाचा पायाच झाली आहे. आपल्या पक्षावर आलेला दोष खोडून न काढता 'तो दोष तुमच्याही पक्षात आहे' असे म्हणणारा तो दोष कबूल करून बसतो, इतकी साधी गोष्ट शास्त्रकारांना कळली होती. आम्ही मात्र तेच बिनतोड उत्तर समजून टाळ्या घेतो.

या बावीसांत दोन जुळी भावंडे आहेत. जिथे दोष नाही तिथे दोष दाखवणे ते निरनुयोज्यानुयोग, आणि जिथे दोष आहे तिथे तो न दाखवता सोडून देणे ते पर्यनुयोज्योपेक्षण. उच्चारायला अवघड, आचरायला फार सोपी. पहिल्यावर आमच्या वाङ्मयीन शत्रुत्वांचा संसार चालतो, दुसऱ्यावर मैत्रीचा. मित्राच्या पुस्तकावरचे परीक्षण वाचावे आणि दुसरे आठवावे. दोष दिसत असून न दाखवणे हा आपण सौजन्याचा भाग मानतो. शास्त्राने तो पराभव मानला आहे. मला शास्त्र बरोबर वाटते.

पण सर्वांत मोलाचे मला वाटते ते 'अननुभाषण'. प्रतिपक्षाने आपले म्हणणे तीनदा सांगितले, सभेला ते समजले, आणि तरीही तुम्हाला ते पुन्हा म्हणून दाखवता येत नाही. तर तुम्ही हरलात. खंडन करण्यापूर्वी, समर्थन करण्यापूर्वी, दुसऱ्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगता आले पाहिजे. ही एकच अट घातली, तर परिसंवादातली निम्मी भाषणे पहिल्या वाक्यालाच बसतील. तिच्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या पाचांपैकी एकालाही तो प्रश्न पुन्हा सांगता आला नसता. अध्यक्षांनी कोणाला तसे विचारलेही नाही, कारण प्राध्यापकाला असे विचारणे असभ्य.

आणि हे सारे कुठे घडते? ज्या गावांच्या मातीतून वाणीसंयमाची आज्ञा खोदणाऱ्या सम्राटाचे दगड निघाले त्या गावांत. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्याचा. चौदा लेखांची पूर्ण मालिका सोपाऱ्याला असावी असा तर्क या तुकड्यांवरून करतात. वाणीविषयीचा बारावा लेख इथे सापडलेला नाही, तो वाचायला गिरनारला जावे लागते. तिथे 'वचिगुती' असा शब्द येतो. सर्व पंथांच्या सारवृद्धीचे मूळ त्यात आहे, असे राजा सांगतो. वचिगुती म्हणजे मौन नव्हे. प्रसंग नसताना आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करू नये, आणि प्रसंग असला तरी ती हलकी असावी, असा त्याचा अर्थ तो स्वतःच उलगडून दाखवतो. टीकेला जागा ठेवली आहे, पण निमित्त खरे हवे आणि माप राखले पाहिजे. पुढे तो जे म्हणतो ते मला अधिक महत्त्वाचे वाटते: लोकांनी एकमेकांचे म्हणणे ऐकावे, आणि ऐकण्याची इच्छाही धरावी. ऐकणे आणि ऐकू इच्छिणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातल्या एका राज्यकर्त्याला दिसले होते.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. संयमाचा उपदेश सिंहासनावरून करणे सोपे असते. ज्याचा आवाज आधीच मोठा आहे तो दुसऱ्याला 'जरा हळू बोला' म्हणतो, तेव्हा त्याला शिष्टाचार म्हणायचे की दडपशाही? चर्चेच्या शिस्तीची भाषा नेहमी वरच्यांनी खालच्यांसाठी वापरली, असा आपल्या वाङ्मयीन इतिहासाचा दाखला देता येतो. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. म्हणूनच मला १८८५ सालाकडे जावे लागते.

त्या वर्षी पुण्यात ग्रंथकारांची सभा भरायची होती. न्यायमूर्ती रानडे तिचे पुढारी. जोतीराव फुल्यांना निमंत्रण गेले. त्यांनी ते नाकारले आणि नाकारण्याचे कारण पत्राने कळवले. ते पत्र 'ज्ञानोदय'ने ११ जून १८८५ रोजी छापले. पत्र मऊ नाही. त्यात आभारप्रदर्शन नाही, 'आपल्या स्तुत्य उपक्रमास शुभेच्छा' नाहीत. सभ्य गृहस्थांच्या सभेत ते वाचून दाखवले असते तर खुर्च्या सरकल्या असत्या. आणि तरी माझ्या मते मराठीत लिहिल्या गेलेल्या उत्तरांत ते पहिल्या प्रतीचे उत्तर आहे. विचारणा होती, सभेत सामील व्हाल का? उत्तर त्याच विचारणेला आहे, दुसऱ्या कशाला नाही. नकार आहे, आणि नकाराचे तपासून पाहता येईल असे कारण आहे: ज्यांच्या ग्रंथांत आणि वर्तनात इतर माणसांचे मानवी हक्क मान्य नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसणार नाही. म्हणजेच कोणत्या अटीवर बसेल, तेही त्यातच आले. निमंत्रकांना हवे असते तर या पत्रावरून पुढचे पाऊल टाकता आले असते. साहित्य संमेलनांच्या वादांत आजही त्या पत्राची आठवण निघते, ती त्याच्या कडवटपणामुळे नव्हे. त्याला अजून प्रत्युत्तर देता येते, असा तो मजकूर आहे.

याच्या शेजारी 'निबंधमाले'तले फुल्यांवरचे लिखाण ठेवावे. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे भाषेचे केवढे मोठे कारागीर होते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला मी सांगायला नको. त्यांच्या गद्याची लय आजही वाचताना धरून ठेवते. परंतु 'गुलामगिरी'सारख्या ग्रंथाला उत्तर देण्याची वेळ आली, तेव्हा या कारागिराने फुल्यांच्या व्याकरणाची टर उडवण्यात शाई खर्च केली. ज्या ग्रंथाचे म्हणणे 'आमच्या गुलामीला हा इतिहास कारण झाला' असे आहे, त्याला 'तुमची विभक्ती चुकली' हे उत्तर होत नाही. विभक्ती चुकलीही असेल. अर्थान्तर ते अर्थान्तरच. चिपळूणकरांचे वाक्य फुल्यांच्या वाक्यापेक्षा सुघड आहे, आणि उत्तर म्हणून शून्य आहे.

तेव्हा शिस्त आणि सभ्यपणा या दोन गोष्टी एक नव्हेत. आवाजाची पट्टी ही उत्तराची कसोटी नाही. फुल्यांची पट्टी चढी आहे आणि उत्तराची शिस्त चोख आहे. परिसंवादातले आमचे पाच प्राध्यापक अत्यंत मृदू बोलले, एकानेही मर्यादा सोडली नाही, आणि पाचांनी मिळून एका विद्यार्थिनीचा प्रश्न पुरला. शिष्टाचार म्हणून आपण जे शिकवतो ते या दुसऱ्या प्रकारचे आहे: उभे राहावे, अध्यक्षमहोदय म्हणावे, वक्त्यांचे अभिनंदन करावे. त्या सगळ्यात प्रश्न कुठे असतो?

वाईट उत्तरांची किंमत कोण मोजते, तेही पाहिले पाहिजे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली निघाले. ते पुस्तकही मुळात एक उत्तर आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याच्या निमित्ताने 'पुणेवैभव' पत्राने स्त्रीजातीवर जे लिहिले, त्याला ते दिलेले. प्रतिपक्ष काय म्हणतो ते एकेक घेऊन, त्याच्याच मापाने त्याला मोजून दिलेले. त्यावर जी कुत्सित टीका झाली, ती झाली. फुले १८८५ मध्ये 'सत्सार'मधून ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले, पण तसे उभे राहणारे थोडेच. ताराबाईंनी त्यानंतर दुसरे पुस्तक लिहिले नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत मराठी वाचक त्याला विसरून गेला होता. नव्वदाहून अधिक वर्षे. एका उत्तराला धड उत्तर न मिळाल्याने एक लेखणी थांबली असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. माणसाच्या थांबण्याची कारणे अनेक असतात. पण टिंगल हे ज्यांना उत्तर वाटले, त्यांना त्या थांबण्यातून मोकळे सोडायला मी तयार नाही.

आता आमच्या घरचे प्रकरण. सप्टेंबर २०१९ मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरणाऱ्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली. जन्म वसईतल्या नंदाखालचा, 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षांचे संपादक, हरित वसईच्या चळवळीतले कार्यकर्ते, 'सुबोध बायबल'चे कर्ते. निवड जाहीर होताच विरोध सुरू झाला. धर्मगुरूला अध्यक्षपद कसे, धर्मप्रसारकाला मराठीचे व्यासपीठ कसे, असे प्रश्न आले, आणि धमक्याही आल्या. जानेवारी २०२० मध्ये संमेलन झाले ते पोलिसांच्या बंदोबस्तात. धमकीला उत्तर नसते, तिला पोलीस ठाणे असते. म्हणून ती बाजूला ठेवतो.

राहिला आक्षेप. त्या काही आठवड्यांत माझ्या वाचनात आलेल्या आक्षेपांपैकी एकातही दिब्रिटोंच्या पुस्तकाचे पान उघडलेले नव्हते. ते कोण आहेत, यावर सारे. त्यांनी काय लिहिले, यावर काही नाही. इथवर आश्चर्य नाही. मला चटका लावून गेले ते आमच्या बाजूचे उत्तर. होय, मी त्यांच्या बाजूचा होतो आणि आहे. आम्ही काय म्हटले? फादर फार सज्जन आहेत. त्यांनी वसईची झाडे वाचवली. ते मराठी बोलतात, ज्ञानेश्वर-तुकाराम सांगतात. फादर स्टीफन्सने मराठीची थोरवी गायली होती. प्रत्येक विधान खरे, आणि एकही विधान त्यांच्या वाङ्मयाविषयी नाही. आक्षेप घेणाऱ्यांनी माणसावर हल्ला केला, आम्ही माणसाला प्रशस्तिपत्र दिले. दोन्हीकडे पुस्तक मिटलेलेच राहिले. लेखकाचा याहून मोठा अपमान कोणता?

उपयोगी आक्षेप घेता आला असता. मराठीत बायबलच्या अनुवादाला मोठा इतिहास आहे: १८०५ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघालेल्या मत्तयाच्या शुभवर्तमानापासून, हिब्रू-ग्रीक शिकून एकटीने सारे बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंच्या १९२४च्या आवृत्तीपर्यंत आणि पुढेही. या मालिकेत 'सुबोध' या विशेषणाने काय मिळवले आणि काय गमावले? गद्य ओघवते करताना मूळ वाक्याची खडबडीत घडण कुठे गुळगुळीत झाली? वारकरी परिभाषेतला शब्द ख्रिस्ती संकल्पनेसाठी योजला की त्याचा अर्थ दोन्हीकडे किती सरकतो? हे प्रश्न विरोधकाने विचारायला हवे होते. त्याने विचारले नाहीत तर मित्राने. ते विचारले असते तर फादरांनी उत्तर दिले असते, याविषयी मला शंका नाही. अध्यक्षपद मिळण्याची वाट पाहण्याचीही गरज नव्हती, माणूस वसईतच होता. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. आता ते प्रश्न आमच्याकडे पडून आहेत.

याच वसईत हरकत कशी घ्यावी हे ज्यांना पुरते कळते अशी माणसे मी पाहिली आहेत, आणि ती साहित्याची नव्हेत. नगररचनेच्या कायद्याप्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की नागरिकांकडून हरकती व सूचना मागवतात. सिडकोच्या काळापासून वसईकर त्या गठ्ठ्याने देत आले. पानवेलीच्या मळ्याचा मालक किंवा केळीची वाडी राखणारी बाई अर्ज लिहिते तो असा: अमुक गाव, अमुक सर्वे नंबर, नकाशात इथे रस्ता दाखवला आहे, प्रत्यक्षात इथे बावखल आहे, त्यात पावसाचे पाणी साठते आणि त्यावर आसपासच्या विहिरी चालतात, सबब रस्ता अमुक बाजूला सरकवावा. काय दाखवले आहे, त्यात काय चुकले, मला हे कसे ठाऊक, आणि काय बदलावे. चार गोष्टी, एका पानात. आमच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत इतका नेमका आक्षेप मी क्वचित ऐकला. (त्या अर्जावर कार्यालयाकडून 'नोंद घेतली' असे उत्तर येते, हा भाग वेगळा. 'नोंद घेतली' हे उत्तर नव्हे, पोच आहे. मात्र ही कला कार्यालयांनी आमच्या अध्यक्षीय समारोपांकडून उचलली असावी असा मला दाट संशय आहे.)

कोणी म्हणेल, इतकी बंधने घातली तर चर्चेतली उत्स्फूर्तता जाईल. कोणती उत्स्फूर्तता? दर परिसंवादात तोच माणूस उठून तेच भाषण करतो, ती? आणि चर्चा नोंदवून ठेवण्याइतकीही आपल्याला मोलाची वाटत नाही. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचा वाद झाला, त्याचे इंग्रजी वृत्त विरुद्ध पक्षाच्या जॉर्ज बोवेन यांनी छापले आणि पुढे 'समुद्रकिनारीचा वादविवाद' हे मराठी पुस्तकही १८७२ मध्ये निघाले. कोणी काय विचारले आणि कोणी काय उत्तर दिले, हे आज वाचता येते. आमच्या परिसंवादांच्या स्मरणिकांत शुभेच्छासंदेश असतात, दीपप्रज्वलनाचे छायाचित्र असते. प्रश्नोत्तरे नसतात. नसतात हे बरेच, असे वाटण्याची पाळी यावी, हे दुःख.

शिक्षकांना मी एवढेच सुचवीन की वर्गात कोणी प्रश्न विचारला तर तो आधी आपल्या शब्दांत परत सांगावा आणि विचारणाऱ्याला विचारावे, 'हेच ना?' पुष्कळदा तो 'नाही' म्हणतो. ते 'नाही' ऐकण्यासाठी थांबावे लागते. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावे, पण तिथेच न थांबता कोणत्या ग्रंथात, कोणत्या संग्रहात पाहावे ते सांगावे. तेही माहीत नसेल तर कोणाला विचारावे ते. आधीच्याने सांगितलेले खरे असेल तर खाली बसावे. दुरुस्ती करायची तर पृष्ठ दाखवून करावी. आणि बोलताना विचारणाऱ्याकडे पाहावे, सभागृहाकडे नव्हे. हे शेवटचे वाटते तितके किरकोळ नाही. माणूस सभागृहाकडे वळला की तो उत्तर देणे सोडून भाषण करू लागतो, हे मी स्वतःवरही पाहिले आहे.

माझ्या गप्प बसण्याचा हिशेब राहिला. त्या दिवशी मला बोलता आले असते. निबंधवाचक माझे स्नेही होते, दुसरे वक्ते एकेकाळी माझे परीक्षक. पर्यनुयोज्योपेक्षण. घरी आल्यावर लाज वाटली, आणि आयोजकांकडून पत्ता घेऊन मी त्या मुलीला पत्र लिहिले. लिहिले की प्रश्न योग्य आहे. साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला काढलेली आवृत्ती रोमन लिपीत आहे, बंडेलूंची १९५६ची देवनागरीत. पण केवळ या दोन छापील आवृत्त्या पाहून भागणार नाही, कारण लंडनच्या मार्सडेन संग्रहात ख्रिस्तपुराणाची देवनागरी हस्तलिखित प्रत आहे, आणि ती स्वतंत्र साक्षीदार म्हणून तपासली पाहिजे. एकच अवस्वरू घ्या, रोमन पाठ आणि ती प्रत शेजारी ठेवा, आणि ज्या ज्या ठिकाणी न-ण, ल-ळ यांचा प्रश्न येतो ते सारे शब्द उतरवून काढा. ऱ्हस्व-दीर्घांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, ओवीला मात्रांचे बंधन नाही; तेव्हा छंदावरून दीर्घत्व सिद्ध करण्याचा मार्ग इथे बंद आहे. शेवटी मी जरा रुबाबात लिहिले की शक्य झाल्यास गोव्याला जाऊन १६१६ची मूळ छापील प्रत एकदा डोळ्यांखालून घालावी.

आठ दिवसांनी तिचे उत्तर आले. आधी तिने माझे म्हणणे तीन ओळींत परत सांगितले होते, आणि ते मला मान्य होण्यासारखे होते. मग लिहिले होते: "सर, १६१६च्या आवृत्तीची किंवा त्यानंतरच्या १६४९ आणि १६५४च्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही, असं मी वाचलं आहे. तुम्ही गोव्यात ती कुठे पाहिलीत, ते कळवाल का?"

मी ती कुठेही पाहिलेली नव्हती. तसे तिला कळवले.